काळं म्हणून घेतलं, वांगी निघालं

माझा मावसभाऊ हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टेल्व्हेनला राहतो. घरामागच्या वीतभर बागेत त्याने एका ऑक्टोबरात ‘क्वीन ऑफ नाइट’ या ट्यूलिपचे पंचवीस कंद पुरले. पाकिटावर काळ्याभोर फुलाचं चित्र होतं. मे महिन्यात फुलं आली आणि दादाचा फोन आला. “काळं म्हणून घेतलं, वांगी निघालं!” पुढच्या वर्षी फिर्यादीत दुसरं कलम वाढलं. पंचवीसपैकी नऊच फुलली, तीही बारकी. बाकीच्यांनी एकेक पान वर काढून हात जोडले. दोन्ही कलमांवर दादाचा निकाल तयारच होता : काळं ट्यूलिप ही निव्वळ बनवाबनवी आहे.

दादा एकटा नाही. बागकाम करणाऱ्यांत या फुलाबद्दल दोन मतं रूढ आहेत आणि वरवर पाहता ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक मत भाविकांचं : काळं ट्यूलिप ही दुर्मीळ, नाजूक, महामोलाची चीज, तिच्यासाठी माणसं वेडी झाली, देशोधडीला लागली. दुसरं मत संशयात्म्यांचं : निसर्गात काळं फूल नाहीच, जांभळ्याला काळं म्हणून विकतात. माझं म्हणणं असं, की ही दोन्ही मतं एकाच चुकीच्या पायावर उभी आहेत. काळेपणा ही पाकळीत भरून ठेवलेली एक वस्तू आहे, असं दोघंही धरून चालतात. मग भाविक म्हणतो ती वस्तू फार थोड्यांना मिळते, आणि संशयात्मा म्हणतो ती कुणालाच मिळत नाही.

आधी संशयात्म्याचा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. ‘क्वीन ऑफ नाइट’ची एक पाकळी घ्या आणि पांढऱ्या कागदावर चुरडा. डाग जांभळा पडेल. ट्यूलिपच्या पाकळीत रंग भरतात ती अँथोसायनिन वर्गातली द्रव्यं : डेल्फिनिडिन, सायनिडिन, पेलार्गोनिडिन. त्यांचे रंग निळसर जांभळ्यापासून शेंदरीपर्यंत कुठेही असतील, काळ्यात एकही नाही. शिवाय हेच फूल एका माहितीपत्रकात किरमिजी असतं, दुसऱ्यात गडद जांभळं आणि तिसऱ्यात काळं. ज्या मालाचा रंग विकणाऱ्यांनाच एकमताने सांगता येत नाही, त्याच्या नावावर विश्वास का ठेवावा?

यातला प्रत्येक पुरावा खरा आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

जांभळाचंच पाहा. खाल्ल्यावर जीभ जांभळी होते. रंगाला नावच त्या फळाचं आहे. तरी झाडावर पिकलेल्या फळाला आपण ‘काळंभोर जांभूळ’ म्हणतो. करवंदांची पाटी घेऊन बसलेली बाई ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाक देते आणि बोटं लाल झाली म्हणून आजवर कुणी तिच्यावर फिर्याद केल्याचं ऐकिवात नाही. जांभळाच्या सालीत डेल्फिनिडिन आहे, कोकमात सायनिडिन आहे. ट्यूलिपच्या पाकळीतली हीच ती घराणी. म्हणजे हॉलंडच्या फुलाने केलं ते आपल्या रानमेव्याने कधीचंच करून दाखवलंय. चंद्रकला नेसलेल्या बाईलाही विचारून बघा. संक्रांतीची ती साडी दिव्याखाली काळी आणि उन्हात धरली की कुठे निळी, कुठे तांबूस झाक मारणारी असते. दुकानात ‘काळी दाखवा’ म्हणून मागताना तिला ही झाक ठाऊक असते, किंबहुना तिच्यासाठीच ती पदर उन्हात नेऊन बघते.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी हा वाद फुलावरून केला नसला, तरी अंधारावरून केला. भाट्ट मीमांसक म्हणाले, अंधार हे द्रव्य आहे. तो काळा दिसतो, सरकतो, म्हणजे त्याला गुण आहे आणि क्रियाही आहे. वैशेषिकांनी उत्तर दिलं, अंधार म्हणजे तेजाचा अभाव, बाकी काही नाही. आणि ‘न्यायकंदली’कार श्रीधराने तिसरंच म्हटलं : अंधार म्हणजे आरोपित नीलरूप, आपण वर चढवलेला रंग. दादा हा नकळत मीमांसक आहे. त्याला पाकळीत काळं द्रव्य हवं होतं आणि कागदावर जांभळं उतरल्यावर तो खवळला. मला विचाराल तर या फुलाच्या बाबतीत वैशेषिकांची बाजू बरीचशी बरोबर आहे आणि श्रीधराचंही अगदीच चूक नाही.

कारण पाकळी काळी दिसते ती तिच्यातून परत न आलेल्या प्रकाशामुळे. पाकळीच्या वरच्या आणि खालच्या पातळ थरांत रंगद्रव्य असतं. मधला थर हवेच्या पोकळ्यांचा, प्रकाश विखुरणारा. साध्या फुलात समोरून शिरलेला प्रकाश या मधल्या थरात विखुरतो, रंगाच्या थरातून पुन्हा गाळून बाहेर येतो आणि आपल्याला लाल किंवा गुलाबी दिसतो. ‘क्वीन ऑफ नाइट’मध्ये ते गाळणं इतकं दाट आहे की आत गेलेल्यापैकी फारच थोडा प्रकाश डोळ्यांपर्यंत परततो. ती काळोखी. पण सूर्य फुलाच्या मागे असला, की थेट ऊन पाकळी भेदून येतं, आणि या द्रव्यांना हिरवा-पिवळा प्रकाश जितका नीट अडवता येतो तितका लाल येत नाही. तेच फूल मग आमसुलाच्या सारासारखं पेटतं.

भर म्हणून पाकळीच्या पृष्ठभागाची करामत आहे. पुष्कळ फुलांच्या पाकळ्यांवरच्या पेशी टोकदार असतात. या ट्यूलिपच्या मात्र सपाट, लांबट आणि त्यांच्यावर अतिशय बारीक, समांतर सरी. केंब्रिजच्या संशोधकांनी 2009 पासून या सरींवर बरंच काम केलंय. त्या प्रकाशाचं विवर्तन करतात आणि भुंग्यांना ती झळाळी ओळखता येते. आपल्या डोळ्याला ती साटिनसारखी निळसर चमक म्हणून दिसते. पण चमक दिसायला खालची जमीन गडद लागते. फिकट फुलावर त्याच सरी असल्या तरी त्यांचं तेज खालून येणाऱ्या रंगात बुडून जातं. कृष्णरंगाला चकाकी देणारी ही सोय कुठल्या दुकानदाराने केलेली नाही.

आता खटल्यातला प्रत्यक्ष पुरावा. त्या मे महिन्यात मी दादाकडे गेले होते. वाफा पश्चिमेच्या कुंपणाला लागून, स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या समोर. दादा साडेसहाला कामावरून येतो, चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राहतो. तिथे त्या दिवसांत सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे फिर्यादीने आरोपी फुलाला कायम पाठीमागून ऊन पडत असतानाच पाहिलं होतं! मी सकाळी सातला बाहेर आले. थंडी होती, आभाळ भरलेलं. ट्यूलिपच्या पाकळ्या गारठ्यात मिटतात आणि उबेत उघडतात. सहाच्या सहा एकमेकींवर चढून घट्ट पेला झाला होता, म्हणजे रंगाचे थर दुप्पट. फुलं काळी होती. काळपट नव्हे, काळी. मी दादाला उठवून बाहेर आणलं. तो म्हणाला, “ढगामुळे तसं वाटतंय.” संशयात्म्याचं हेच तर दुखणं : ज्या प्रकाशात फूल वांगी दिसतं तो खरा आणि ज्यात काळं दिसतं तो खोटा, हे ठरवलं कुणी?

तेव्हा हे फूल लावणाऱ्याने पहिला प्रश्न जातीचा किंवा खताचा विचारू नये. मी हे कुठून आणि केव्हा पाहणार, हा विचारावा. संध्याकाळी बघणार असाल तर वाफा घराच्या पूर्वेला, सकाळी बघणार असाल तर पश्चिमेला. ऊन तुमच्या पाठीवरून फुलावर पडलं पाहिजे. उलट लालीच आवडत असेल तर दादाने चुकून केलं ते मुद्दाम करा. दुसरी गोष्ट अंतराची. गडद रंग लांबून मागे सरतो, नुकत्याच खणलेल्या मातीवर तर पार गिळला जातो. म्हणून तो पायवाटेच्या कडेला, हाताच्या अंतरावर लावायचा, आणि एकेकटा रांगेत न लावता पंधरा-वीसच्या घोळक्याने.

इथे आणखी एक रूढ सल्ला मधे येतो : काळ्यासोबत पांढरं लावा. ‘क्वीन ऑफ नाइट’बरोबर पांढरं ‘मॉरीन’ ही जोडी बुद्धिबळाच्या पटासारखी सगळीकडे दिसते. पांढऱ्याशेजारी काळं जास्त काळं दिसतं, हे मान्य. पण डोळा पांढऱ्याला सरावला की गडद पाकळीतले सगळे बारकावे, तो निळसर तकाकीचा पदर, बुडाशी उमटणारी झाक, हे सारं त्याला दिसेनासं होतं. आपल्याकडे चंद्रकलेला पांढरा काठ सहसा कुणी लावत नाही. लाल लावतात, नाहीतर जर. बागेतही फिकट हिरवा, जर्द नारिंगी, मळकट गुलाबी हे शेजारी मला सरस वाटतात. पायाशी फरगेट-मी-नॉटची निळी धूळ असली की माती झाकली जाते, आणि फूल गिळलं जात नाही. ही माझी आवड; यावर वाद घालायची तयारी आहे.

आता भाविकांकडे वळू. त्यांचं सगळं शास्त्र एका कादंबरीतून आलेलं आहे. अलेक्झांडर द्यूमाची ‘ला ट्यूलिप न्वार’ 1850 मध्ये निघाली. कथानक 1672 चं; हेगमध्ये जमावाने द विट या राजकारणी बंधूंना ठार केलं तिथून ते सुरू होतं. पुढे हार्लेमच्या उद्यानसंस्थेने काळ्या ट्यूलिपला लावलेलं एक लाख गिल्डरचं बक्षीस, तुरुंगात कंद जपणारा नायक आणि त्याला साथ देणारी तुरुंगाधिकाऱ्याची मुलगी. कादंबरी झकास आहे. घोटाळा वाचकांनी केला. 1637 च्या फेब्रुवारीत कोसळलेला ट्यूलिपचा बाजार आणि द्यूमाचं 1672 चं बक्षीस यांची त्यांनी मनात गाठ मारली आणि ‘काळ्या ट्यूलिपपायी हॉलंड बुडालं’ अशी दंतकथा तयार झाली.

खरं काय होतं? 1636-37 च्या त्या हिवाळ्यात ज्या फुलांच्या किमती आभाळाला भिडल्या, ती चट्ट्यापट्ट्यांची होती. ‘सेम्पर ऑगस्टस’ पांढऱ्यावर लाल ज्वाळांचं, ‘व्हाइसरॉय’ पांढऱ्यावर जांभळ्या रेघांचं. एकरंगी गडद फूल त्या बाजाराचं नवल नव्हतंच. त्या ज्वाळा म्हणजे रोग होता. डोरोथी केली यांनी 1928 मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत दाखवून दिलं, की रंग फुटण्याचा हा विकार एका कंदातून दुसऱ्यात जातो. तो विषाणूचा असतो आणि मावा तो पसरवतो. विषाणू पाकळीतलं अँथोसायनिन ठिकठिकाणी बंद पाडतो आणि खालचा पांढरा किंवा पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे बाजार ज्यावर भाळला ते रंग हरवत चाललेलं आजारी फूल होतं, दर पिढीला कंद खंगत जाणारं. म्हणून ते दुर्मीळ. गडद ट्यूलिप हे त्याचं थेट दुसरं टोक. रंग पूर्ण, फूल निरोगी. दुर्मीळपणाची सनद पहिल्याची होती, ती दुसऱ्याच्या गळ्यात अडकवली गेली. आणि हॉलंड बुडालं म्हणाल, तर 1841 मध्ये चार्ल्स मॅके यांनी आपल्या पुस्तकात रंगवलेलं ते चित्र अ‍ॅन गोल्डगार यांनी 2007 मध्ये जुनी दप्तरं तपासून बरंच पुसून टाकलंय; सर्वनाश झालेली माणसं त्या दप्तरांत फारशी सापडतच नाहीत.

गंमत पुढेच आहे. हार्लेमच्या क्रेलाख पेढीने 1885 मध्ये फ्रान्सच्या लील गावातल्या एका संग्राहकाचा ट्यूलिपचा साठा विकत घेतला, 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात ‘डार्विन ट्यूलिप’ म्हणून तो मांडला आणि 1891 मध्ये त्यातलं एक गडद फूल बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘ला ट्यूलिप न्वार’. कादंबरीच्या शीर्षकासारखंच, अक्षरन् अक्षर! बक्षीस लावल्याचं लिहिलं गेलं त्याच गावात एकेचाळीस वर्षांनी फूल आलं. आधी गोष्ट, मग फूल. 1937 मध्ये ‘फिलिप द कोमिन’ या गडद फुलाच्या एका कंदाला आपोआप वेगळं, झालरीच्या पाकळ्यांचं फूल आलं, ते ‘ब्लॅक पॅरट’. ‘क्वीन ऑफ नाइट’ 1944 चं. पुढे त्याच्याच पोटी दुहेरी पाकळ्यांचं ‘ब्लॅक हीरो’ निपजलं.

1944 या सालापाशी मी थोडी थांबते. देश जर्मनांच्या ताब्यात होता. त्या वर्षाच्या सप्टेंबरात डच रेल्वेकामगारांनी संप केला, जर्मनांनी अन्नाची नाकेबंदी केली, आणि पश्चिम हॉलंडमध्ये उपासमारीचा हिवाळा सुरू झाला. सुमारे वीस हजार माणसं मेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून, दळून खाल्ले. मधला कोंब विषारी म्हणून काढून टाकायचा, हे घराघरांत माहीत झालं. ‘रात्रीची राणी’ हे नाव ज्या साली आलं, त्या साली कंद हे जेवण होतं. आज तोच कंद साध्या लाल ट्यूलिपच्या आसपासच्या दरात पिशव्यांतून मिळतो. महामोल वगैरे भाषा त्याला शोभत नाही.

आणि नाजूक? दोन फूट उंच, ताठ देठ, वाऱ्याला न दबणारं, इतर ट्यूलिप संपत आल्यावर मेमध्ये उमलून बराच काळ टिकणारं हे फूल आहे. त्याला हवं ते इतर ट्यूलिपांना हवं तेच : ऊन, निचरा, थंडी. सावलीत लावलं की रंग गडद राहतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ट्यूलिप मध्य आशियातल्या डोंगरउतारांचं. सावलीत ते उजेडाकडे मान वाकडी करतं आणि पुढच्या वर्षीचा कंद भरत नाही. दुपारचं कडक ऊन मेअखेरीस थोडं अडवलं तर फूल चार दिवस जास्त टिकेल, एवढंच मी मान्य करीन. रंग दाट होतो तो वसंत थंड गेला तर, कारण उष्णतेत अँथोसायनिन कमी साठतं.

दुसरा उपाय लोखंडाचा : मातीत गंजके खिळे पुरा, हिराकस घाला. हायड्रेंजियाचा रंग मातीने बदलतो, त्यावरून ही समजूत इकडे सरकली असावी. जपानी संशोधकांना 2007 मध्ये एका जांभळ्या ट्यूलिपच्या बुडाशी असलेल्या निळ्या भागात लोह खरोखरच सापडलं, वरच्या जांभळ्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त. पण ते तिथे साठवणारा वाहक एका जनुकाने घडवलेला असतो, आणि तो त्या भागातच जागा असतो. माळी खिळे पुरून जनुक जागा करू शकत नाही.

लागवडीचं थोडक्यात. माती गार झाल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. उशिरा लावल्याने ‘ट्यूलिप फायर’ ही बुरशी कमी त्रास देते. खोली पंधरा ते वीस सेंटिमीटर, कंदाच्या उंचीच्या तिप्पट. पाणी साचलं तर कंद कुजला म्हणून समजा. डच कंदशेती समुद्रकाठच्या वाळूत पोसली ती उगाच नाही.

राहिलं दादाचं दुसरं कलम. ट्यूलिपचा कंद दरवर्षी संपतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. फुलवण्यात आईकंद खर्ची पडतो आणि त्याच्या जागी लेकी उरतात. एखादी मोठी झाली तर फुलते. बारकी राहिली तर फक्त एक पान देते. लेक मोठी व्हायला फूल उतरल्यावर बोंड खुडायचं, पण देठ आणि पानं पिवळी पडेपर्यंत, निदान सहा आठवडे, हात लावायचा नाही. व्यापारी शेतकरी तर फुलंच उडवतात, कंद भरावा म्हणून. मग कंद काढून, वाऱ्याला सुकवून, कोरड्या जागी ठेवायचे. एवढं करूनही ओल्या उन्हाळ्याच्या बागेत दुसऱ्या वर्षी पूर्ण पीक येत नाही. हे फूल वर्षायूचं म्हणून विकलं पाहिजे, आणि तसं विकत नाहीत, ही तक्रार रास्त आहे.

पुण्या-नाशिकच्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण प्रश्न येणारच. कंदाला बारा ते सोळा आठवडे गारवा लागतो. तो फ्रिजमध्ये देता येतो, मात्र पिकल्या केळ्या-चिकूंपासून लांब. फळांमधून सुटणारा इथिलीन वायू कंदातली कळी आतल्या आत मारतो. डिसेंबरात कुंडीत लावला तर फूल मिळू शकतं, एकदाच. पण ‘क्वीन ऑफ नाइट’ उशिरा फुलणारं, दीर्घकाळ थंडी मागणारं; आपला हिवाळा त्याला पुरत नाही. गडदच हवं असेल तर ‘ट्रायम्फ’ वर्गातलं ‘पॉल शेरर’ घ्या. किंवा श्रीनगरला जा. झबरवानच्या उतारावरचं ट्यूलिप उद्यान मार्चअखेरीस उघडतं. पहिल्याच आठवड्यात जाऊन ‘काळी कुठे दिसली नाहीत’ म्हणणाऱ्यांनी उशिराची वाणं शेवटी फुलतात हे ध्यानात ठेवावं, आणि सकाळी लवकर जावं.

तेव्हा निकाल. पहिलं कलम, काळं म्हणून वांगी दिल्याचं, फेटाळलं. दुसरं कलम अंशतः मंजूर. अंशतः अशासाठी, की फुलं उतरल्यावर दोन आठवड्यांत सगळी पानं कापून ‘बाग स्वच्छ केली’ असा फोटो फिर्यादीनेच मला पाठवला होता. यंदा त्याने तीस कंद घेतलेत. वाफा पूर्वेच्या कुंपणापाशी खणलाय.